डोळ्यांखालच्या पिशव्यांची शस्त्रक्रिया : आधी काय विचारावे?

प्रश्न : माझे वय ५२ आहे. डोळ्यांखालच्या पिशव्या आणि काळेपणा यांसाठी खालच्या पापणीची शस्त्रक्रिया करून घ्यावी असे वाटते, परंतु माझे डोळे वरचेवर कोरडे पडतात. होकार देण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर १ : ताई, फुगवटा डोळ्याच्या खोबणीतील चरबी पुढे आल्याने दिसतो आणि तो शस्त्रक्रियेने कमी होतो, त्वचेतील रंगद्रव्यामुळे आलेला काळेपणा मात्र तसाच राहतो. चरबी फार काढल्यास डोळे खोल गेल्यासारखे दिसतात, म्हणून अनेक शल्यचिकित्सक ती खालच्या खळगीत पसरवतात. आपल्या बाबतीत काय करणार, हे स्पष्ट विचारा.

उत्तर २ : मला कोरडेपणाची अधिक काळजी वाटते, कारण शस्त्रक्रियेनंतर तो वाढू शकतो. आधी नेत्रतज्ज्ञांकडून अश्रूंची तपासणी करून घ्या. थायरॉईडचा विकार असल्यास तोही सांगा. ओढून सोडलेली पापणी चटकन जागेवर येत नसेल, तर ती पुढे खाली ओढली जाण्याचा धोका असतो आणि बाहेरच्या कोपऱ्याशी आधाराचा टाका घालावा लागू शकतो.

उत्तर ३ : माझ्या आईची सूज आणि निळेपणा ओसरायला दोन आठवडे लागले. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती स्वतःहून बंद करू नका, हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. शस्त्रक्रियेनंतर तीव्र वेदना झाल्यास, डोळा पुढे आल्यास किंवा दृष्टी अंधुक झाल्यास रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गाठा. डोळ्यामागील रक्तस्राव दुर्मीळ असला तरी त्याने दृष्टी जाऊ शकते.