मंदिराच्या शिल्लक निधीतून वस्तीतल्या मुलांना मदत: वह्यावाटपाच्या पुढे काय?

पर्वतीपायथा:
पुण्यात सहकारनगर भागातलं दत्तमंदिर, नोंदणीकृत न्यास. दानपेटी, अभिषेकाच्या पावत्या आणि उत्सवाची वर्गणी यांतून खर्च भागल्यावर वर्षाला साधारण अडीच लाख उरतात. दर जूनमध्ये जनता वसाहतीतल्या मुलांना वह्या-दप्तरं आणि दिवाळीला काही घरांना धान्याचा संच, एवढं चालू आहे. विश्वस्तांचं म्हणणं आहे की वह्या आता सगळेच वाटतात. त्याच मुलांना तीन-तीन ठिकाणच्या मिळतात आणि बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी मात्र कोणी नसतं. तेव्हा फीसाठी मदत सुरू करायची तर कशी? निवड कशी, पैसे कोणाच्या हातात द्यायचे? परदेशातले दोन भाविकही पैसे पाठवायला तयार आहेत, ते घेता येतील का?

जमाखर्च:
आधी न्यासाची घटना काढा आणि उद्देशांचं कलम वाचा. मंदिरांच्या जुन्या घटनांत पूजा, उत्सव, कीर्तन आणि शेवटी ‘इतर समाजोपयोगी कामे’ असं मोघम लिहिलेलं असतं. शिक्षणाला मदत आणि गरिबांना साहाय्य हे शब्द स्पष्ट नसतील तर लेखापरीक्षक शेरा मारतो आणि तो पुढं वर्षानुवर्षं चिकटतो. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असेल तर कलम १२ लागतं: विशेष सभा, १० दिवस आधी नोटीस, तीन-पंचमांश मतं, मग महिन्याभरानं दुसरी सभा आणि तिथंही तेवढीच मतं. फक्त १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचा न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयातून कलम ५०अ खाली योजना दुरुस्त करून घ्यावी लागते. विश्वस्त बदलले असतील तर त्याचा चेंज रिपोर्ट (बदल अर्ज) धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत दाखल केलाय का तेही बघा. तो अडकला की बँक नव्या सह्या घेत नाही, आणि नेमक्या जुलैमध्ये चेक निघत नाही.

८०जीच्या (देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी नोंदणी) मागं लागू नका. निव्वळ धार्मिक न्यासाला ती मिळत नाही, आणि असलीच तर धार्मिक कामावरचा खर्च एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. दत्तजयंतीच्या मांडवातच ५ टक्के संपतील. देणगीदारांना तसं आधीच सांगा. (नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, बोलताना सगळे जुनेच वापरतात.)

पैसे रोख देऊ नका. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेली रक्कम न्यासाचा खर्च म्हणून धरली जात नाही, आणि करमाफीसाठी उत्पन्नाचे ८५ टक्के खर्च दाखवायचा हिशेब तिथं चुकतो. फी थेट कॉलेजच्या खात्यात भरा आणि पावतीची प्रत मुलाच्या नावाच्या फाइलला लावा.

परदेशातल्या भाविकांचं पासपोर्टवर ठरतं. भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांची देणगी परदेशी अंशदान नाही, नेहमीच्या खात्यात बँकेमार्फत घ्या. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असेल तर ते परदेशी नागरिक, मग त्यांनी इथल्या खात्यातून रुपयांत दिले तरी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागतो. त्याच्या नोंदणीला संस्था किमान तीन वर्षं जुनी, तीन वर्षांत उद्देशांवर १५ लाख खर्च आणि दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. तुमच्या आकाराच्या न्यासानं त्या फंदात पडू नये. कोणा तिसऱ्याच्या खात्यातून फिरवून घ्यायची युक्ती सुचवली गेली तर सभेत नकार देऊन तो इतिवृत्तात लिहून ठेवा.

वस्तीशाळा:
फी भरणं हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा मार्ग आहे. अडीच लाखांत दहा मुलांची अर्धी फी होईल. शासनाच्या योजनांत त्याहून कितीतरी जास्त पैसे आहेत आणि वस्तीतली मुलं तिथं अडतात ती कागदावर. न्यासानं कागदावर खर्च करावा.

सगळ्यात मोठी अडचण जातीच्या दाखल्याची. जनता वसाहत, तळजाई, दांडेकर पूल इथली बरीच घरं मराठवाड्यातून, सोलापूरकडून आलेली. दाखल्याला त्या-त्या प्रवर्गाच्या तारखेआधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. हा पुरावा म्हणजे बहुधा आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा गावच्या जन्म-मृत्यू नोंदीतला उतारा, आणि दाखला मिळतो मूळ तालुक्याच्या प्रांत कार्यालयातून. म्हणजे बापानं दोन-तीनदा गावी जायचं, रोज बुडवायचा. तो जात नाही, दाखला राहतो, शिष्यवृत्ती जाते. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरून घरटी तीन-चार हजार दिलेत तर मुलाच्या सगळ्या शिक्षणाचा रस्ता मोकळा होतो, शिवाय धाकट्या भावंडांचाही. हे काम नववी-दहावीत करा. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात पडताळणीही लागते, ती अकरावीतच टाकायची.

दुसरं, उत्पन्नाचा दाखला. सेतूत गर्दी जूनमध्ये होते. एप्रिलमध्ये वस्तीत दोन रविवार बसून अर्ज भरून घ्या.

तिसरं बँकखातं. महाडीबीटीचे (राज्याचं शिष्यवृत्तीचं संकेतस्थळ) पैसे आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं गेलंय त्या खात्यात जातात, पासबुकाची झेरॉक्स कोणती लावली त्याला अर्थ नाही. सिमकार्ड घेताना दुकानात कुठल्याशा पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलेलं असतं, पैसे तिथं पडतात आणि मुलगा ‘आलेच नाहीत’ म्हणून फिरत असतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची (आधार कुठल्या बँकेला जोडलंय त्याची) स्थिती दिसते, अर्जाआधी ती पाहा. नावही जुळवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव एक आणि आधारवर दुसरं, यात महिने जातात.

लहान मुलांसाठी सर्वांत स्वस्त आणि खात्रीचं काम म्हणजे आठवीच्या एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५०). निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न. मुलं विषयात कमी पडत नाहीत, बुद्धिमत्तेच्या पेपरात वेळ पुरत नाही. जुलैपासून आठवड्याला दोन वर्ग आणि दर पंधरवड्याला घड्याळ लावून एक पेपर सोडवून घ्या. मिळाल्यावर दरवर्षी अर्ज नूतनीकरण करावा लागतो, दहावीच्या गडबडीत तो हमखास राहतो. मंदिराच्या फळ्यावर नावं लिहून ठेवा.

मुलींचं आता थोडं सोपं झालंय. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्याला माफी नाही. घाबरून कोट्यातून प्रवेश घेणारे पालक थांबवा.

मग रोख मदत कुठं? प्रवेशाच्या आठवड्यात कॉलेज पहिला हप्ता मागतं आणि शिष्यवृत्ती नंतर येते. तेवढ्यापुरती बिनव्याजी उचल द्या, साध्या कागदावर लिहून. अडीच लाखांतले एक लाख उचलीला, तीस हजार दाखल्यांना, साठ हजार वर्ग आणि अभ्यासिकेला, उरलेले साठ राखून ठेवा. प्रवेशाच्या फेऱ्या सप्टेंबरपर्यंत चालतात आणि सगळ्यात गरजू मुलगा शेवटच्या फेरीत उगवतो.

भुसारवाला:
धान्यसंचाबद्दल. गहू-तांदूळ देणं बंद करा. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतं. तुमचा तांदूळ कोपऱ्यावरच्या दुकानात विकला जातो आणि त्यात त्यांची चूक नाही, त्यांना तेल हवं असतं. पाच माणसांच्या घराला तूरडाळ २ किलो, मसूर १ किलो, तेल २ लिटर, शेंगदाणे १ किलो, साखर २ किलो, गूळ १ किलो, चहा पाव किलो, हळद-तिखट पाव-पाव किलो, मीठ, अंगाचा आणि कपड्यांचा साबण. मार्केटयार्डात भुसार बाजारातून गोणीनं घ्या आणि मंदिरातच भरा, तयार संच घेतला की डाळ हलकी येते. दिवाळीपेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये द्या. पावसात बिगारी आणि रंगाऱ्यांची कामं बंद असतात, उधारी तेव्हाच चढते. आणि ज्या घरात रेशनकार्डच नाही किंवा ई-केवायसी अडकलंय तिथं संचासोबत तो अर्जही भरून द्या.

पर्वतीपायथा:
फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. दहावीला नापास होऊन किंवा आधीच शाळा सोडून बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचं काय? आणि काही विश्वस्तांची इच्छा आहे की मदत घेणाऱ्या मुलांनी गुरुवारच्या आरतीला यावं.

वस्तीशाळा:
शाळा सोडलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म: पाचवी पास आणि १४ वर्षं पूर्ण असली की दहावीला बाहेरून बसता येतं. बारावीला बसायचं तर दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर हवं. फॉर्म बोर्डाच्या मुदतीतच भरा, उशिरा गेलात की विलंब शुल्क वाढत जातं. नापास झालेल्यांना पुरवणी परीक्षा असतेच, तिथं गणित आणि इंग्रजी एवढ्यावर जोर द्या. दहावी झाली की औंधचं शासकीय आयटीआय. वेल्डर एक वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. तिथली फी अडवत नाही, अडवतात पीएमपी बसचा पास, बूट, ॲप्रन आणि हत्यारं. ते न्यासानं द्यावं. वर्षभर टिकेल का याचा अंदाज पहिल्या सहा आठवड्यांच्या हजेरीवरून येतो, म्हणून पास महिन्याचाच काढून द्या.

अभ्यासिका सभामंडपात काढणार असाल तर एक धोका. पुण्यात अभ्यासिका म्हटलं की स्पर्धा परीक्षेची मुलं येतात, शांत असतात, वेळ पाळतात, विश्वस्तांना आवडतात, आणि वस्तीतली मुलं आपोआप बाहेर जातात. संध्याकाळी ६ ते ९ फक्त आठवी ते बारावी, असं पाटीवर लिहा. सहामाही परीक्षेच्या तोंडावर नवरात्राचे स्पीकर लागतात, त्या दिवसांत जवळच्या शाळेचा एक वर्ग आधीच मागून ठेवा.

जमाखर्च:
आरतीच्या अटीबद्दल: लिहू नका, सुचवूही नका. जनता वसाहतीत बौद्ध घरं आहेत, मुसलमान घरं आहेत. ती भांडायला येणार नाहीत, यायची बंद होतील. हिशेबाच्या बाजूनंही मदतनिधी एका धर्माच्या लोकांपुरता झाला तर तो धर्मादाय काम म्हणून मांडताना करसवलतीत अडचण येते. अर्जात धर्माचा रकाना ठेवू नका, जातीचा दाखला फक्त सरकारी अर्जासाठी घ्या आणि मूळ प्रत त्याच दिवशी परत करा. निवडीला दोघांनी घरी जाऊन यावं, त्यातला एक विश्वस्त नसावा. मंचावर बोलावून चेक देतानाचे फोटोही नकोत. वार्षिक अहवालात नावांऐवजी अनुक्रमांक आणि रक्कम पुरते, लेखापरीक्षकाला फाइल दाखवली की झालं.