‘शे का नई’ हा खेळच नाही म्हणे!

तापीकाठचा
परवा ‘नियम आधी’ साहेबांनी आपल्या शनिवारच्या राज्यावर, म्हणजे दर शनिवारी आपण सगळे मिळून रचतो त्या कल्पनेतल्या राज्यावर, लिहिलं. सारांश असा : ज्या जगात मंत्रानं नदी थांबते, तिथली माणसं रिकाम्या वेळी मुठीत खडा लपवून ‘शे का नई?’, म्हणजे ‘आहे का नाही?’, विचारत बसतात, हे पटत नाही. पोरखेळ आहे, डोकं लागत नाही, त्यापेक्षा नाणं उडवा. शेवटी एक हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्यानंच माझं डोकं फिरवलं. केळीला पाणी सोडून बांधावर बसलोय, लाईट जायच्या आत लिहून टाकतो.

नियम सगळ्यांना माहीत आहेत, तरी यांना पुन्हा ऐकवतो. एकानं हात पाठीमागे न्यायचे, एक मूठ पुढे करायची. समोरच्यानं एकच प्रश्न विचारायचा, कुठलाही. उत्तर खोटं दिलेलं चालतं. मग ‘शे’ नाहीतर ‘नई’. बस. आपल्या राज्यातला नावाडी प्रत्येक उतारूशी हाच डाव खेळतो; ओळखलं तर भाडं दुप्पट, चुकला तर फुकट पलीकडे. साहेब, दीड वर्ष झालं, तुमचा सरदार त्याच्याकडून एकदा तरी फुकट गेलाय का? नाही. कारण नावाडी मुठीकडे बघतच नाही, तो मानेकडे बघतो. आणि तुम्ही दर वेळी खडा असला की आधी खाकरता.

दुसरं. खेळ लोकप्रिय व्हायला तो भारी असावा लागत नाही, सामान कमी लागावं लागतं. कोठडीत, अंधारात, एका हातानं, बैलगाडीवर बसून खेळता येतो असा दुसरा खेळ सांगा. चिंचोक्यांची एकी-बेकी आपण सगळे खेळलोय, ती कुठल्या दुकानातून आणली होती? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात जो जुगारी रडतो ना, तो बेहड्याच्या फळांवर खेळणारा. त्यांना ना सहा बाजू, ना ठिपके. मूठभर उचलायची आणि चारानं भाग जातो का बघायचं, असं बरेच अभ्यासक मानतात. तो बेहडा आपल्या सातपुड्यात आजही उभा आहे. नळराजानं राज्य घालवलं ते असल्याच ‘पोरखेळात’.

नियम आधी
दादा, उदाहरण देताना पुढचं पान पण वाचावं. नळ हरला कारण अंगात कली शिरला होता. म्हणजे समोरच्याचं कौशल्य शून्य! आणि नळाला पुढे अक्षविद्या कोण देतो? ऋतुपर्ण. तो झाडाकडे एक नजर टाकून पानं-फळं किती ते सांगतो. ती मोजण्याची विद्या, मुठीत खडा आहे का विचारण्याची नव्हे. तुम्ही माझीच बाजू मांडलीत, आभार.

मुद्दा साधा आहे. दोनच उत्तरं. शंभर डाव खेळा, पन्नास बरोबर येतील. डोळे मिटून खेळा, तरी पन्नास. याला खेळ म्हणायचं तर पाऊस येईल का नाही हाही खेळच, आणि तो आपण दर जूनमध्ये हरतो. त्यापेक्षा वीस प्रश्नांचा खेळ ठेवा. समोरच्यानं मनात वस्तू धरायची, वीस हो-नाहीत ओळखायची. त्याला बुद्धी लागते.

खाकरतो ते धुळीमुळे.

भरीतवाला
वीस प्रश्न! आपला वेशीवरचा पहारेकरी रात्री दोन वाजता भाला टेकवून ‘ती वस्तू सजीव आहे का?’ विचारतोय असं चित्र डोळ्यासमोर आलं भो. तिकडे शत्रू आत.

आणि एक माझीही तक्रार लिहून घ्या. खेळाचं नाव ‘शे-नई’ ठेवताना आम्हाला कोणी विचारलं? आमच्या रावेर-यावलकडे ‘शे’ कोणी म्हणत नाही, आम्ही ‘हाये’ म्हणतो. पुन्हा एकदा धुळ्यावाल्यांनी अख्खा खानदेश खिशात घातला.

तापीकाठचा
तुमचा गाव नकाशावर आणा, तिथे ‘हाये-नाई’ ठेवतो. भरीत मात्र तुमचंच ठेवलंय, त्याबद्दल कधी चांगला शब्द काढला का?

फळ्यावरचा खडू
शिक्षक आहे, राहवत नाही. वीस प्रश्नांत दोनाचा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६ वस्तूंतून एक वेगळी काढता येते. हे ‘नियम आधीं’चं बरोबर. पण ‘पन्नास टक्के, म्हणून कौशल्य नाही’ हे अर्धच बरोबर. लपवणारा खरोखर नाण्यासारखा वागला, तर त्याला ब्रह्मदेवही हरवू शकत नाही. गोम अशी की माणसाला नाण्यासारखं वागता येत नाही.

मी दरवर्षी आठवीच्या वर्गात हे करतो. अर्ध्या पोरांनी नाणं शंभर वेळा उडवून छापा-काटा लिहायचा, उरलेल्यांनी मनानंच शंभर लिहायचे. मी बाहेर व्हरांड्यात थांबतो, आत येतो आणि वह्या चाळून खऱ्या कोणत्या, बनावट कोणत्या सांगतो. पोरांना वाटतं सरांना कोणीतरी फितूर आहे. खऱ्या शंभरात सलग पाच छापे किंवा पाच काटे जवळजवळ हमखास येतात. मनानं लिहिणाऱ्याचा हात तिसऱ्या छाप्यालाच थरथरतो, ‘आता काटा पाहिजे’. हा थरथरणारा हात म्हणजेच नावाड्याचं दुप्पट भाडं.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत क्लॉड शॅनननं १९५३ साली यासाठी एक यंत्रच बनवलं होतं. समोरचा जिंकल्यावर काय करतो, हरल्यावर काय करतो, तेच पुन्हा करतो की बदलतो, एवढंच ते लक्षात ठेवायचं आणि त्यावरून पुढची निवड ओळखायचं. त्याला ना मान दिसत होती ना घाम. तरी माणसांवर ते भारी पडायचं.

नियम आधी
सर, यंत्राला हजार डाव दिले तर तेही शिकेल. नावाड्याला उतारू मिळतो एकदा. एका डावात कसला आलाय स्वभाव?

फळ्यावरचा खडू
तुमचा सरदार दीड वर्ष त्याच नावेनं जातोय.

खापरावरची
तुमचं गणित चालू द्या. मला फक्त एवढंच विचारायचंय की या राज्यात प्रत्येक गोष्टीवर पैज का लागते? नावेवर पैज, गढीवर पैज, मागच्या शनिवारी तर लग्नाच्या मांडवात पैज. हे वाचताना मला आमच्या घरची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, दिसते. आम्ही पोरी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, घागर भरलेली, तिच्यावर डांगर ठेवलेलं. आणि पुरुषमंडळी? सकाळपासून पत्ते. ‘सण शे, आजना दिन चालस.’ आई खापरावर मांडे टाकून टाकून हात भाजून घ्यायची आणि ओट्यावरून हाक यायची, ‘अजून दोन माणसांचं वाढा’. ती दोन माणसं हरून आलेली असायची, म्हणून जास्तच जेवायची.

ही सवय कल्पनेतल्या जगात तरी नको होती.

पाटीलवाडा
ताई, वर्षातून एक दिवस पत्ते खेळले तर काय बुडालं? ती परंपरा आहे. आखाजीला डाव नाही तर आखाजी कसली. पुण्या-मुंबईला गेलं की गावाकडचं सगळं जुगारच दिसायला लागतं.

खापरावरची
मी अमळनेरला असते दादा. मांडे आजही मीच टाकते.

सालदाराचा नातू
‘काय बुडालं’ ते सांगतो.

माझे आजोबा सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणारे गडी. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, साल आखाजी ते आखाजी. आखाजीलाच जुना हिशोब मिटायचा, नवं साल ठरायचं आणि उचल हातात पडायची. म्हणजे पुढच्या वर्षाचे पैसे आधीच. आणि डाव कधी बसायचा? त्याच दिवशी. कुठे? मालकाच्याच ओट्यावर. एका आखाजीला आजोबा संध्याकाळी बसले, पहाटे उठले तेव्हा वर्षाची उचल गेलेली. मग बारा महिने त्यांनी फुकट औत हाकलं. फुकटच म्हणायचं ना? आजीनं दोन शेळ्या विकल्या. वडील तेव्हा सहावीत होते, ते सातवीला बसलेच नाहीत. आजोबा घरात कोणाशी त्या रात्रीबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त आखाजीच्या दिवशी पहाटेच शेतात निघून जायचे, सणाचं जेवायलासुद्धा यायचे नाहीत.

परंपरा होय ही. कोणाची, ते विचारा.

पाटीलवाडा
वाईट वाटलं. पण ओटा मालकाचा म्हणून दोष मालकाचा? कोणी हात धरून बसवलं होतं का? आमच्या वाड्यातही डाव व्हायचे, माझ्या चुलत्यांनी चार एकर कपाशीचे पैसे एका रात्रीत घालवलेत. आम्ही नाही कोणाला दोष देत फिरत. सरसकट मालकवर्गाला झोडपायची फॅशन झालीय.

सालदाराचा नातू
तुमचे चुलते चार एकर हरले तरी दुसऱ्या दिवशी जेवले कुठे? वाड्यातच ना? हाच फरक. आणि सालदाराला मालकाच्या ओट्यावरून ‘मी नाही खेळत’ म्हणून उठता यायचं, असं तुम्हाला खरंच वाटतं? पुढचं साल त्याच्याकडेच काढायचं असताना? हात धरायची गरजच काय पडते.

पाटीलवाडा
तुम्ही माझ्या घरी आला होतात का बघायला? ओळख ना पाळख, माझ्या वाड्याचा हिशोब काढताय. भाषा सांभाळा.

भरीतवाला
ओ आबा, नाव तुम्हीच ‘पाटीलवाडा’ घेतलंय. माणूस वाड्याबद्दलच बोलणार, चाळीबद्दल कसा बोलेल?

नियम आधी
बघा, हेच म्हणत होतो! नशिबाचा खेळ आला की हे येतंच. कायद्यालाही हा फरक कळतो. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आपल्याकडे अजून लागू आहे, त्यात निव्वळ कौशल्याचा खेळ वगळलाय. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा. आता तुमची मूठ रमीकडे जाते की तीन पत्तीकडे?

सालदाराचा नातू
आजोबा काय खेळत होते ते मला माहीत नाही. रमी असती तर शेळ्या परत आल्या असत्या का?

फळ्यावरचा खडू
आणि तो भेद आता तसाही पातळ झालाय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात कौशल्य असो की नशीब, दोन्ही एकाच पिशवीत. पैसे लावले ना, मग बंद. आमच्या बारावीच्या दोन पोरांनी त्याआधी वडिलांच्या मोबाईलवरून काय काय घालवलं ते शाळेच्या बैठकीत ऐकलंय. दोघंही शेवटपर्यंत म्हणत होते, ‘सर, त्यात डोकं लागतं.’

तापीकाठचा
मी मुठीतल्या खड्याबद्दल लिहिलं होतं. आपण संसदेत पोचलो.

पण खापरावरची ताई आणि नातूदादांचं खरं आहे, हे कबूल करायला जड जातंय तरी करतो. मी खेळ लिहिला, डाव कुठल्या ओट्यावर बसतो ते लिहिलं नाही. नावाड्याचं भाडं एक आण्याचं, तिथं हरलं तरी माणूस घरी जातो. गढीवर मात्र चाकरही खेळतात, धनीही खेळतो, आणि चाकराला समोरचा प्रश्न विचारायची हिंमत कशी होणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बरं, आणि धनी खोटं बोलतोय असं तोंडावर म्हणायचं कोणी? म्हणजे तिथे खेळ तोच, पण एकाची मूठ उघडी.

शनिवारपासून गढीच्या ओट्यावर हा डाव चाकरांना बंद. धनी खेळला तर धन्याशीच.

सालदाराचा नातू
बंद नको. बंदी घातली की गोठ्यात बसतील. असं करा, चाकरानं हरलेलं गढीवर वसूल होणार नाही. मग बघा धन्याला खेळायची किती हौस उरते.

खापरावरची
हे लिहून घ्या. आणि मांडवातला डाव काढा. आणि जेवण कोण करतंय तेही एकदा दाखवा त्या राज्यात, तीन वर्षांत एक चूल पेटलेली नाही.

भरीतवाला
भरीत आपोआप होतं ताई. मंत्रानं.

नियम आधी
माझं मत बदललेलं नाही. नोंदीसाठी फक्त सांगतो की काल भाचीशी चिंचोका घेऊन वीस डाव खेळलो. ती दुसरीत आहे. तिनं चौदा ओळखले. याचा अर्थ एवढाच की वीस हा आकडा फार लहान आहे आणि पोरगी लबाड आहे. प्रश्न एकच विचारायची, दर वेळी तोच : ‘मामा, खरं सांगणार का खोटं?’

फळ्यावरचा खडू
वीसात चौदा नुसत्या योगायोगानंही येऊ शकतात, हे तुमच्या बाजूनं सांगतो. पुढचे ऐंशीही खेळून टाका. आणि खाकरत होता का?

नियम आधी
घरात धूळ नव्हती. ती म्हणाली, मी खडा असला की भुवई उचलतो. बरं, ठीक आहे. खेळ म्हणा. पण भिकार खेळ.

पाटीलवाडा
दोन दिवस लिहिलं नाही, रागात होतो. चुलत्यांना फोन केला होता. त्यांना विचारलं, आपल्या ओट्यावर सालदार बसायचे का? बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘बसत, आन कोन इचारे त्यासले.’ इथं जे लिहिलं त्यातलं ‘भाषा सांभाळा’ मागे घेतो. बाकीचं नाही.

आता एक सांगा तापीकाठचे, तुम्ही नवा गढीवाला आणताय शनिवारी. त्याचं आडनाव पाटील ठेवलंय का?

तापीकाठचा
ओळखा. एक प्रश्न विचारू शकता.

पाटीलवाडा
प्रश्न नको. तुमची खोड माहीत आहे मला.

शे.