रेझिलिअन्सला मराठीत काय म्हणता? 'लवचिकता' पटत नाहीये

पागोळी
दिवाळी अंकासाठी एक लेख मराठीत आणतेय. अमेरिकेतल्या विद्यापीठांमधे हरिकेन आणि एकूण आपत्तींचा अभ्यास करणारी जी केंद्रं आहेत त्यांच्यावर आहे, म्हणजे डेलावेअर विद्यापीठाचं डिझास्टर रिसर्च सेंटर, कोलोरॅडोत बोल्डरचं नॅचरल हॅझर्ड्स सेंटर, मायामीतली हरिकेनसारखा वारा सोडून बांधकामं तपासणारी ती १२ पंख्यांची 'वॉल ऑफ विंड' वगैरे. बाकी सगळं जमतंय पण 'कम्युनिटी रेझिलिअन्स' दर परिच्छेदात येतं आणि तिथे गाडी अडते. मी 'तग धरण्याची ताकद' लिहिलं होतं, संपादकांनी सरसकट 'सामुदायिक लवचिकता' करून परत पाठवलं. आपल्याकडे लवचीक माणूस म्हणजे जुळवून घेणारा, तडजोड करणारा. ज्याच्या घरात छपरापर्यंत पाणी चढलं त्याला हा शब्द कसा लावायचा? तुम्ही काय वापरता?

दौत
पागोळीताई, संपादक अगदीच चुकलेले नाहीत, हिंदीतही लचीलापन चालतं. पण मूळ बघा. लॅटिन 'रेझिलिरे', मागे उसळणे, उडी मारून परत येणे. परिसरशास्त्रात हा शब्द रुळला तो हॉलिंग यांच्या १९७३ च्या निबंधामुळे. तेव्हा 'प्रति' हा उपसर्ग हवाच. मी 'प्रत्युत्थानक्षमता' सुचवेन. मराठीत नवा शब्द घडवायचा तर संस्कृतच्या टाकसाळीतूनच घडवावा, तो सगळ्या भारतीय भाषांत चालतो.

मृण्मयी_ल
दौत सर, प्रत्युत्थान म्हणजे पाहुणा आला की मान द्यायला आसनावरून उठणं. कोशात पहिला अर्थ तोच आहे. वादळाला उठून मान देणारा समाज असा अर्थ होईल त्याचा.

दौत
अर्थविस्तार होतो की. आकाशवाणी या शब्दाला तरी रेडिओ हा अर्थ आधी कुठे होता? वापरात आला की रुळतो.

सिव्हिलवाला
आम्ही इंजिनिअरिंगला रेझिलिअन्स शिकलो ते वेगळंच आहे. सळईला ताण दिला आणि सोडला, ती कायमची न वाकता जेवढी ऊर्जा पोटात घेऊ शकते ती रेझिलिअन्स. इलॅस्टिसिटीला आपल्या शाळेच्या पुस्तकात स्थितिस्थापकता म्हणतात, लवचिकता म्हणाल तर ती फ्लेक्सिबिलिटी झाली. तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत त्यामुळे लवचिकता माझ्याकडून बाद. आता समाजाच्या बाबतीत, २००३ साली बफेलो विद्यापीठाच्या भूकंप संशोधन केंद्रातून ब्रुनो आणि मंडळींचा एक पेपर आला, त्यात या एका शब्दाचे चार तुकडे केलेत, मुळात मजबुती, एक गोष्ट बंद पडली तर दुसरी सोय तयार असणं, हाताशी असेल त्यातून मार्ग काढणं, आणि हे सगळं किती वेगात होतं ते. आलेखावर ते त्रिकोणासारखं दिसतं, वादळ आलं की वीज पाणी दवाखाने यांची सेवा एकदम खाली कोसळते आणि मग तिरकी रेघ हळूहळू वर चढते, त्रिकोण जेवढा लहान तेवढं ते शहर रेझिलिअंट. यातल्या रिसोर्सफुलनेसला मात्र आपल्याकडे फार चांगला शब्द आहे, हिकमत. लोक हल्ली जुगाड म्हणतात ते ऐकवत नाही.

दौत
हिकमत अरबी आहे.

सिव्हिलवाला
असेना. हिकमती माणूस कोणालाही कळतो, प्रत्युत्थान कोणाला कळतं ते सांगा.

वाडीवाला
मी दिवेआगरकडचा. निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला. पोफळ तशी वाऱ्यात कमरेतनं इकडून तिकडे डोलते, वर्षानुवर्षं डोललेली, पण त्या दुपारी मधोमध मोडल्या, वाडीत उभे राहिले ते नुसते खुंट. जिथे पोफळीची दाट सावली तिथे खाली थेट ऊन, मिरीचे वेल भुईसपाट. नवीन पोफळ धरायला पाच सात वर्षं जातात. तेव्हापासून आमच्याकडे कुणी भेटलं की विचारणार, "सावरली का वाडी?" उभी राहिली का असं नाही विचारत, कारण रोप तर दुसऱ्याच वर्षी उभं असतं. सावरणं म्हणजे ती परत पोटाला घालायला लागली का. मला वाटतं ताईंना हा शब्द चालावा. सावरण्याची ताकद.

पागोळी
वाडीवाले दादा, 'सावरणं' मनापासून आवडलं. फक्त 'सावरक्षम' असं काही होत नाही ना, विशेषण कसं करायचं? 'रेझिलिअंट कोस्ट' दहा वेळा आलंय.

मृण्मयी_ल
मला मूळ अडचण शब्दाच्या पलीकडची वाटते. पुरात झाडं जातात आणि लव्हाळं राहतं हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, त्यामुळे लवचिकता म्हटलं की डोळ्यासमोर लव्हाळं येतं आणि तो गुण वाटतो. पण लव्हाळ्याला घर नसतं, घराचं कर्ज नसतं, डायलिसिसवर असलेली आई नसते. न्यू ऑर्लिन्समधे कतरिना वादळानंतर पुढे समुद्रातल्या तेलगळतीच्या काळात भित्तिपत्रकं लागली होती की मला रेझिलिअंट म्हणणं बंद करा, कारण तुम्ही मला तसं म्हणता म्हणजे अजून काहीतरी माझ्या माथी मारायला मोकळे होता. शब्दच नको म्हणणारे लोक आहेत ते, तुमच्या लेखात त्यांचं काही आहे का?

आणि दुसरं, मागे उसळून परत कुठे जायचं? कतरिनाच्या आधी जिथे होते तिथेच, त्याच कच्च्या भिंतीच्या आडोशाला? बोल्डरचं केंद्र १९७६ मधे सुरू करणारे गिल्बर्ट व्हाइट भूगोलाचे होते, त्यांनी १९४० च्या दशकातच मांडलं होतं की पूर ही देवाची करणी पण पुरातलं नुकसान बहुतांशी माणसाची करणी. याला मराठीत शब्द शोधायची गरजच नाही, अस्मानी आणि सुलतानी! २९ ऑगस्ट २००५ ला आलं ते वादळ अस्मानी. पण शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला तो कालव्यांच्या भिंती ढासळल्या म्हणून, काही ठिकाणी तर पाणी माथ्यावरून गेलंही नव्हतं तरी ढासळल्या, आणि बांधणाऱ्या लष्करी इंजिनिअर खात्याने नंतर स्वतःच्या अहवालात रचनेतल्या चुका मान्य केल्या. ही सुलतानी. माझं तर म्हणणं आहे लेखात एकदाही 'नैसर्गिक आपत्ती' लिहू नका. वादळ नैसर्गिक, आपत्ती नाही.

दौत
अस्मानी फारसी, सुलतानी अरबी. शिवाय सुलतानी म्हणजे जुलूम, इथे निष्काळजीपणा आहे. दोन्ही एक नव्हेत.

मृण्मयी_ल
ज्याचं माणूस बुडालं त्याला काय फरक?

ह्यूस्टनकर
उशिरा येतोय. मी टेक्सासात राहतो, २०१७ चं हार्वी वादळ इथेच काढलं. किनाऱ्यालगतच्या नेदरलंडला तेव्हा ६० इंचाच्या वर पाऊस मोजला गेला, मुंबईच्या २६ जुलैला सांताक्रूझला ३७ इंच होता म्हणजे अंदाज येईल, अर्थात इथे तो काही दिवसांत मिळून पडला. आमच्या गल्लीत सरकारी माणूस दिसायच्या आधी मासेमारीची सपाट बोट घेऊन पलीकडच्या गल्लीतला माणूस आला, तोपर्यंत त्याच्याशी कधी हाय हॅलोही नव्हतं. डेलावेअरचं केंद्र आधी ओहायो स्टेटला होतं, १९६३ साली क्वारंटेली, डाइन्स आणि हास यांनी काढलं, १९८५ ला डेलावेअरला गेलं, आणि त्यांनी सुरवातीपासून हेच सांगितलंय की आपत्तीत लोक सैरावैरा पळतात लुटालूट करतात हा बहुतांशी सिनेमातला समज आहे, खरी माणसं एकमेकांना हात देतात. त्यामुळे माझा जीव रेझिलिअन्सपेक्षा 'कम्युनिटी'त अडकलाय. समुदाय हा फार कोरडा शब्द आहे. शेजार म्हणा, गावकी म्हणा.

वाडीवाला
गावकी बरोबर. रस्त्यावरची झाडं आमच्या गावकीनेच कापून बाजूला केली.

मृण्मयी_ल
गावकी नको, हात जोडून सांगते. डॅनियल ऑल्ड्रिच म्हणून संशोधक आहेत, कतरिनाच्या जरा आधी न्यू ऑर्लिन्सला नोकरीसाठी आले आणि त्यांचं स्वतःचं घर बुडालं. पुढे त्यांनी जपानमधलं कोबे, तामिळनाडू, न्यू ऑर्लिन्स असं बघून दाखवलं की जिथे माणसांची एकमेकांत ऊठबस जास्त तिथे गावं लवकर सावरतात. न्यू ऑर्लिन्सच्या पूर्व भागातली व्हिएतनामी वस्ती त्यांच्या चर्चच्या आधाराने किती लवकर परतली हे बऱ्याच जणांनी लिहिलंय. पण त्याच ऑल्ड्रिच यांनी हेही दाखवलं की जिथली एकी घट्ट होती त्याच मोहल्ल्यांनी बेघरांच्या तात्पुरत्या ट्रेलरना, म्हणजे चाकांवरच्या घरांना, आपल्या भागात येऊ दिलं नाही, आणि तामिळनाडूत त्सुनामीनंतर मदतीच्या यादीत गावपंचायतीने कोणाला घेतलं आणि कोण बाहेर राहिलं, तर दलित, विधवा. गावकी म्हटलं की गावकूस आलं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

ह्यूस्टनकर
मुद्दा मान्य पण मग समुदाय म्हटल्याने गावकूस पुसलं जातं का? उलट झाकलं जातं. गावकी शब्दात निदान ते दिसतं तरी.

मृण्मयी_ल
दिसतं तुम्हाला आणि मला. सरकारी योजनेत 'गावकी सक्षमीकरण' आलं की पैसे कोणाच्या हातात जातील?

सिव्हिलवाला
दोघांचंही बरोबर आहे पण मापाचं काय? शब्द असा हवा की मोजता येईल. पोर्टो रिकोत मारिया वादळ सप्टेंबर २०१७ ला आलं, सरकारी आकडा कितीतरी महिने ६४ मृत्यू होता. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने अभ्यास केला आणि ऑगस्ट २०१८ मधे आकडा निघाला २,९७५, कारण वादळानंतर वीज नाही, औषधं नाहीत, डॉक्टरपर्यंत पोचता येत नाही म्हणून गेलेली माणसं पहिल्या मोजणीत नव्हतीच. विद्यापीठातल्या केंद्रांचा खरा उपयोग हा. लेखात हे जरूर असू द्या.

पागोळी
आहे, आहे. त्या परिच्छेदात मी 'बळी' लिहिलं होतं. पण ताकद, क्षमता, सावरणं यातलं शीर्षकात काय घेऊ? संपादकांना या आठवड्यात कळवायचंय.

आजोळ
शीर्षकावरून विचारते, हरिकेनच ठेवणार की चक्रीवादळ? आमच्या आजोळी हरिकेन म्हणजे कंदील. काच पुसून ठेव हरिकेनची, असं आजी रोज दिवेलागणीआधी सांगायची. वाऱ्यात न विझणारा म्हणून ते नाव, हे मला फार उशिरा कळलं.

दौत
हरिकेन शब्द कॅरिबियनमधल्या ताइनो लोकांचा, हुराकान, स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. अटलांटिकमधल्या वादळाला हरिकेनच म्हणावं, चक्रीवादळ हा सायक्लोनचा अनुवाद आहे. आणि सायक्लोन शब्द आपल्याकडचाच, कलकत्त्याला हेन्री पिडिंग्टन होते, त्यांनी १८४० च्या दशकात सापाच्या वेटोळ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून घडवला.

वाडीवाला
आमच्याकडे चक्रीवादळ फक्त टीव्हीवर. बोलताना तुफान नाहीतर नुसतं वादळ.

दौत
तुफान अरबी.

ह्यूस्टनकर
टायफूनवरून नाही का? चिनी 'ताय फुंग', मोठा वारा.

मृण्मयी_ल
उलट आहे, टायफूनमधे अरबी तूफान, ग्रीक टायफॉन आणि चिनी शब्द असे सगळेच मिसळलेत म्हणतात. कुराणात नोहाच्या पुराला तूफान हाच शब्द आहे, म्हणजे मुळात पाण्याचा, वाऱ्याचा नाही. आजोळताई, तुमचं आजोळ कुठलं? आमच्याकडे देशावर हरिकेन ऐकलं नाही, कंदील नाहीतर बत्ती.