भावाला डानेनबेर्गला नर्सिंगचं ट्रेनिंग मिळालंय, पण हा जिल्हा नक्की कुठला? वेंडलांड, एल्बटालाउए की ल्यूखो-डानेनबेर्ग?

सातारकर_८६:
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला जर्मनीत नर्सिंगचं ट्रेनिंग मिळालंय, गाव डानेनबेर्ग. आता गंमत बघा, एका कागदावर पत्ता साम्टगेमाइंडे एल्बटालाउए म्हणून आहे, दुसऱ्यावर लांडक्राइस ल्यूखो-डानेनबेर्ग, आणि तिथला एक मुलगा त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना सारखं "वेलकम टू वेंडलांड" करत होता. आईने विचारलं की अरे तीन गावं आहेत का एक, आणि मला उत्तर देता येईना. गुगल मॅपवर बघितलं तर आजूबाजूला नुसतं जंगल आणि नदी, मोठं शहर काहीच नाही. त्या मुलाने गावाचे फोटो पाठवलेत त्यात बऱ्याच घरांसमोर पिवळा रंग दिलेला लाकडी फुलीसारखा X उभा आहे, तो काय प्रकार आहे? कुठला धार्मिक पंथ वगैरे आहे का? जिल्हा म्हणजे आपल्यासारखाच का, कलेक्टर असतो का, पोचल्यावर कुठल्या ऑफिसला जायचं, कुणाला माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा, आईला वाचून दाखवायचंय.

नकाशावेडा:
सविस्तर म्हणालात म्हणून सविस्तर लिहितो, मी ल्यूनेबुर्गला राहतो, तिथून डानेनबेर्ग गाडीने साधारण तासाभरावर आहे आणि कामानिमित्त माझं तिकडे जाणं असतं. तिन्ही नावं बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींची आहेत. वेंडलांड हे मुलखाचं नाव, जसं आपण माणदेश म्हणतो तसं, सरकारी कागदावर जिल्हा म्हणून ते येत नाही. लांडक्राइस ल्यूखो-डानेनबेर्ग हा जिल्हा, राज्य नीडरझाक्सेन म्हणजे लोअर सॅक्सनी, राज्याच्या पूर्वेच्या टोकाला. आणि साम्टगेमाइंडे म्हणजे आपल्या गट ग्रामपंचायतीच्या जवळ जाणारी चीज, फरक एवढाच की इथे प्रत्येक गावाची स्वतःची पंचायत असते आणि वर सगळ्यांचं मिळून एक कार्यालय असतं जे दाखले, नोंदणी, अग्निशमन असली कामं बघतं. जिल्ह्यात अशा तीनच साम्टगेमाइंडे आहेत, एल्बटालाउए, ल्यूखो आणि गार्तो, आणि तिन्ही मिळून २७ गावं-शहरं. एल्बटालाउए २००६ ला झाली, आधी डानेनबेर्ग आणि हित्साकर अशा दोन वेगळ्या होत्या त्या जोडल्या, तशीच त्याच वर्षी क्लेन्त्सेवाली ल्यूखोला जोडली. म्हणून जुन्या लोकांच्या तोंडात हे नाव अजून नीट बसलेलं नाही.

जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण १,२२० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या एक तृतीयांश समजा, आणि लोक किती तर ५० हजाराच्या आत. अख्ख्या जर्मनीतल्या जिल्ह्यांमध्ये सगळ्यात कमी लोकसंख्येचा हाच. हायवे म्हणजे आउटोबान जिल्ह्यातून एकही जात नाही. रेल्वे ल्यूनेबुर्गहून येते आणि डानेनबेर्ग ओस्टला संपते, गाड्या दिवसात मोजक्याच, तेव्हा भावाला सांगा वेळापत्रक बघूनच निघायचं, शेवटची चुकली की चुकली.

आता कलेक्टरचं. लांडराट असतो पण तो आपल्या कलेक्टरसारखा वरून नेमलेला नाही, लोक थेट मतदान करून निवडतात, आणि क्राइसटाग म्हणजे जिल्हा परिषद धरा. मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे युद्धानंतर हा भाग ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि त्यांनी आपल्या पद्धतीची रचना बसवली, लोकांनी निवडलेला मानद लांडराट वेगळा आणि रोजचा कारभार चालवणारा पगारी ओबरक्राइसडिरेक्टर वेगळा. हुबेहूब झेडपीचा अध्यक्ष आणि सीईओ! ही दोन डोक्यांची पद्धत तिथे १९९० च्या दशकापर्यंत चालली, मग दोन्ही कामं एका निवडून आलेल्या माणसाकडे दिली. आणि आपल्याकडे पुणे विभाग, नाशिक विभाग आहेत ना, तसे तिथे रेगीरुंग्सबेत्सिर्क होते, हा जिल्हा ल्यूनेबुर्ग विभागात यायचा, पण राज्याने २००४ च्या शेवटी सगळे विभागच बंद केले, जिल्ह्याच्या वर थेट राज्य.

सातारकर_८६:
अरे वा, झेडपीचं उदाहरण दिल्यावर लगेच कळलं, वडील झेडपीतूनच रिटायर झालेत, त्यांनी दोनदा वाचून घेतलं. पण मग जिल्ह्याला जोडनाव का? आणि भावाने पाठवलेल्या गाड्यांच्या फोटोत नंबरप्लेटवर डी-ए-एन आहे, तिथे ल्यूखो कुठेच नाही, मग मुख्यालय डानेनबेर्ग का?

नकाशावेडा:
मुख्यालय ल्यूखोला. हे नीट लक्षात ठेवा कारण भावाचं व्हिसाचं काम तिथेच आहे.

जोडनावाची गोष्ट अशी की १८६६ पर्यंत हा सगळा भाग हानोफरच्या राजाचा, त्या वर्षी प्रशियाने हानोफर गिळलं, आणि १८८५ ला जुनी आम्ट नावाची महसुली एककं मोडून क्राइस केले, त्यात डानेनबेर्ग वेगळा जिल्हा आणि ल्यूखो वेगळा. मग मंदीच्या काळात प्रशियाला खर्च झेपेना म्हणून १ ऑक्टोबर १९३२ ला बऱ्याच ठिकाणी छोटे जिल्हे एकत्र केले, त्यात हे दोन एक झाले आणि नाव ठेवलं नुसतं डानेनबेर्ग. ल्यूखोवाल्यांना ते कसं आवडणार, १९५१ ला नाव बदलून ल्यूखो-डानेनबेर्ग केलं. गाड्यांचा कोड मात्र डी-ए-एन. १९७७ ला राज्यात मोठी जिल्हा फेररचना झाली, कितीतरी जिल्हे नकाशावरून गेले, हा एवढासा असून टिकला. तेव्हापासून "मोठ्या जिल्ह्यात विलीन करा" ही चर्चा अधूनमधून उठते आणि दर वेळी तिथले लोक कसून विरोध करतात. मला त्यांचं पटतं, मुख्यालय तासभर लांब गेलं की खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला एका सहीसाठी दिवस मोडावा लागतो, हे आपण आपल्याकडे बघितलेलंच आहे.

हांबुर्गची_मावशी:
मी हांबुर्गला गेली बावीस वर्षं आहे आणि दर उन्हाळ्यात आम्ही दोघं तिथल्या एल्बे नदीच्या काठाने सायकली घेऊन जातो, त्यामुळे थोडं मी पण सांगते. सातारकर, तुमच्या आईला सांगा की मुलगा फार सुंदर जागी चाललाय. नुसतं जंगल आणि नदी म्हणालात ना, त्यामागे मोठं कारण आहे. १९४५ नंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले तेव्हा या जिल्ह्याच्या तीन बाजूंना पूर्व जर्मनी होता, फक्त पश्चिमेकडून आत यायची वाट. म्हणजे नकाशावर बघाल तर पूर्व जर्मनीच्या पोटात घुसलेलं एक टोक. पलीकडे जायचे पूल, रस्ते, रेल्वे सगळं तुटलं. पलीकडच्या काठावरच्या ड्योमित्स गावाकडे जाणारा रेल्वेपूल २० एप्रिल १९४५ ला बॉम्बहल्ल्यात पडला, त्याच्या अलीकडच्या काठावरच्या कमानी अजून तशाच कुरणात उभ्या आहेत आणि पुढे नदीत काहीच नाही, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. रस्त्याचा पूलही गेला तो थेट १९९२ च्या डिसेंबरात नवा झाला, म्हणजे ४७ वर्षं समोरचं गाव डोळ्यांना दिसतंय आणि जाता येत नाही. सीमा नदीच्या मधोमध की पलीकडच्या काठावर यावरूनसुद्धा दोन्ही बाजूंचं शेवटपर्यंत एकमत नव्हतं.

त्यामुळे कारखाने आले नाहीत, तरुण मुलं बाहेर गेली, सरकार सीमाभाग म्हणून अनुदान द्यायचं त्यावर बरंच चालायचं. पण त्याच कारणाने नदीला कुणी हात लावला नाही, पुराची कुरणं राहिली, करकोचे राहिले, आणि आता एल्बेचा काठ संरक्षित क्षेत्र आहे. भाऊ एप्रिलमध्ये जाणार असेल तर छपरांवर करकोच्यांची घरटी बघायला मिळतील.

हित्साकरला नक्की जायचं म्हणावं, डानेनबेर्गच्या शेजारीच आहे. येत्सेल नावाची नदी ल्यूखो, डानेनबेर्ग करत येते आणि हित्साकरला एल्बेला मिळते, जुनं गाव त्या येत्सेलच्या बेटावर आहे, सगळी लाकडी चौकटीची घरं. २००२ ला आणि परत २००६ ला गाव पाण्यात गेलं, नंतर पूरभिंत बांधून पुरी झाली आणि २०१३ च्या पुरात गाव कोरडं राहिलं. आम्ही सांगली-कोल्हापूरकडची माणसं, माझं माहेर कृष्णाकाठचं, त्यामुळे ती भिंत मी तासभर हात लावून बघत होते.

नकाशावेडा:
मावशींनी सीमेचं काढलं म्हणून एक भर, आम्ट नॉयहाउसची. हा एल्बेच्या उजव्या काठावरचा पट्टा मुळात ल्यूनेबुर्ग जिल्ह्याचा, म्हणजे हानोफरचाच. १९४५ ला ब्रिटिशांना नदीपलीकडे पोचायला पूल नव्हता म्हणून त्यांनी तो रशियनांना देऊन टाकला, आणि तिथली माणसं पुढे पूर्व जर्मनीत अडकली, सीमेलगतच्या कितीतरी कुटुंबांना १९५२ ला घरातून उठवून आत दूर नेऊन ठेवलं. जर्मनी एक झाल्यावर तिथल्या लोकांनीच आग्रह धरला आणि ३० जून १९९३ ला तो भाग राज्य बदलून परत लोअर सॅक्सनीत आला. राज्याची हद्द बदलून गावं परत येणं किती अवघड असतं हे बेळगाव-कारवारच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण पूल अजून नाही, फेरीबोट आहे. दार्खाऊ आणि नॉय दार्खाऊच्या मध्ये पूल बांधायचा विषय वर्षानुवर्षं चाललाय, त्यात एक काठ ल्यूनेबुर्ग जिल्ह्याचा आणि दुसरा ल्यूखो-डानेनबेर्गचा.

भाषावेल्हाळ:
वेंडलांड या नावाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. जर्मन लोक शेजारच्या स्लाव्ह लोकांना वेंडेन म्हणायचे, तेच हे. आता पोलंड-चेक इतक्या लांब असताना हांबुर्गजवळ स्लाव्ह कुठून आले असं वाटेल, पण एकेकाळी एल्बेच्या पलीकडचा सगळा मुलूख त्यांचाच होता आणि इथे ते नदीच्या अलीकडे पण वसले. आजूबाजूची बोली कधीच जर्मन झाली, इथे मात्र १८ व्या शतकापर्यंत खेड्यांत स्लाव्ह बोली टिकून होती, अभ्यासक तिला पोलाबियन म्हणतात. वुस्त्रोच्या चर्चचा पाद्री ख्रिस्तियान हेन्निग, त्याने १७०० च्या आसपास गावकऱ्यांकडून शब्द गोळा करून कोश केला. आणि स्युटेन गावचा एक शेतकरी, योहान पारुम शुल्त्से, गुत्ताही चालवायचा, त्याने स्वतःच्या वहीत आपली भाषा लिहून ठेवली, त्याला कळत होतं की आपल्यामागे ही बोलणारं कुणी उरणार नाही. आईकडून ही बोली शिकलेली म्हणून ज्ञात असलेली शेवटची बाई १७५६ ला गेली. मला तो शेतकरी फार मोठा वाटतो. कुठली शाळा नाही, कुठलं अनुदान नाही, आणि दिवसभर शेतात राबून रात्री शब्द लिहीत बसला.

गुरुवारला ते लोक पेरुन देवाचा वार म्हणायचे, म्हणजे मेघगर्जनेचा देव, ख्रिस्ती होऊन शेकडो वर्षं झाली तरी वारात देव राहिला. गावांची नावं पण त्यांचीच, वुस्त्रो म्हणजे बेट, द्रावेन म्हणजे झाडांचा मुलूख, ती जिल्ह्याच्या पश्चिमेची टेकाडं. टेकाडंच म्हणायची, सगळ्यात उंच माथा १४२ मीटर, सातारकरांना तर ते मैदानच वाटेल. ल्यूखो, गार्तो, वुस्त्रो लिहिताना शेवटी डब्ल्यू असतो तो बोलायचा नाही, भावाला आधीच सांगून ठेवा.

आणि गोल गावं बघायची, रुंडलिंग म्हणतात. मधे मोकळं अंगण, भोवती घोड्याच्या नालासारखी घरं, सगळ्यांची तोंडं आत, गावात शिरायला एकच रस्ता. बाराव्या शतकाच्या सुमाराची ही वसाहत मानतात, स्लाव्हांनी आपणहून अशी बांधली की जर्मन सरदारांनी आखून दिली यावर वाद आहे. ल्युबेल्नला त्याचं म्युझियम आहे.

सातारकर_८६:
ताई, शेतकऱ्याचं वाचताना आई एकदम गप्प झाली. आणि तो पिवळा X?

हांबुर्गची_मावशी:
अहो तो राहिलाच. धर्माचा काही संबंध नाही. गोर्लेबेन नावाचं गाव आहे याच जिल्ह्यात, एल्बेच्या काठी. २२ फेब्रुवारी १९७७ ला राज्याचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेख्त यांनी जाहीर केलं की देशाचा अणुकचरा इथल्या जमिनीखालच्या मिठाच्या थरात पुरायचा. वस्ती विरळ, सीमेला लागून, कोण बोलणार असं वाटलं असेल. पण शेतकरी बोलले. १९७९ ला ट्रॅक्टर घेऊन राज्याची राजधानी हानोफरपर्यंत गेले, गार्तोच्या बर्नस्टोर्फ घराण्याने आपली जमीन विकायला नकार दिला, १९८० ला आंदोलकांनी बोअरच्या जागेवर झोपड्यांचं गाव उभारून त्याला "स्वतंत्र वेंडलांड प्रजासत्ताक" नाव दिलं, महिन्याभराने पोलिसांनी ते उठवलं. १९९५ ते २०११ मध्ये कास्टोर नावाच्या जाड भांड्यांतून कचरा यायचा, रेल्वेने डानेनबेर्गपर्यंत आणि पुढे वीसेक किलोमीटर ट्रकने, दर वेळी हजारो पोलीस आणि हजारो लोक रस्त्यावर. गाडी यायच्या दिवसाला टाग एक्स म्हणायचे, तोच तो पिवळा X. शेवटी २८ सप्टेंबर २०२० ला गोर्लेबेन कायमच्या साठ्याच्या यादीतून काढलं, भूगर्भ योग्य नाही म्हणून. ११३ भांडी मात्र जमिनीवरच्या तात्पुरत्या गोदामात अजून आहेत, म्हणून X अजून उभे आहेत.

सातारकर_८६:
चाळीस वर्षं लढले म्हणजे. भावाला हे सगळं पाठवतो. आता शेवटचं, पोचल्यावर ऑफिस कुठलं?

नकाशावेडा:
घर मिळालं की आधी पत्त्याची नोंदणी, ती डानेनबेर्गमध्येच साम्टगेमाइंडेच्या कार्यालयात. ते पत्र घेऊन मग रहिवास परवाना, तो जिल्ह्याच्या परदेशी नागरिक विभागाकडे, ल्यूखोला, आणि अपॉइंटमेंट आधी घ्यायची. ड्रायव्हिंग लायसन्सपण ल्यूखोलाच. डानेनबेर्ग ते ल्यूखो बस आहे पण शाळेच्या वेळा सोडून कमी, पहिल्या आठवड्यातच एक जुनी सायकल घ्यायला सांगा. आणि डानेनबेर्गच्या चौकाजवळ विटांचा गोल बुरूज आहे, वाल्डेमार टुर्म, १२२३ ला पकडलेला डेन्मार्कचा राजा तिथल्या किल्ल्यात कैदेत होता म्हणून ते नाव. तिथे उभा राहून आईला पहिला व्हिडिओ कॉल करू दे.