मदत हवी आहे : कोरगावला घर बांधतोय, मला फक्त रविवारी जाता येतं. स्लॅबआधी काय काय बघून घेऊ?

नमस्कार मंडळी,

पेडणे तालुक्यात कोरगावला आमचं घर उभं राहतंय. जुनं मातीच्या भिंतींचं घर उतरवून त्याच जागी. मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत काम करते, राहते वास्कोला, सुट्टी फक्त रविवारची. भाऊ जहाजावर आहे, रेंज मिळेल तेव्हा फोन करतो. साइटवर रोज असतात ते बाबा, वय ७२. स्लॅब १४ मेला, गुरुवारी, घालायचा ठरलाय. ज्यांनी कोकणपट्टीत स्वतःचं घर बांधून घेतलंय किंवा ज्यांचा हा व्यवसायच आहे, त्यांची मदत हवी आहे.

तारीख पुढे ढकलता येत नाही. १७ मेला अधिक ज्येष्ठ लागतो आणि बाबांना अधिकात स्लॅब घालायचा नाही. शिवाय २०२५ चा मे सगळ्यांच्या लक्षात असेल. पाऊस २४ मेला केरळात पोचला आणि महिना संपायच्या आत आपल्याकडेही आला. शेजारच्या वाड्यावर एकांचं सेंट्रिंग त्या पावसात उघडं राहिलं होतं, ते बाबांनी पाहिलंय.

सगळी घाई चवथीसाठी आहे. अधिक महिन्यामुळे यंदा चवथ १४ सप्टेंबरला आहे, तेवढे दिवस जास्त मिळालेत. आमच्या घराण्याचा गणपती एकच, तो याच घरात बसतो आणि काका-चुलतभाऊ सगळे इथे येतात. गेल्या वर्षी घर उतरवलेलं असल्यामुळे तो धाकट्या काकांकडे बसवला. बाबा तिथे पाहुण्यासारखे कडेला बसून होते. काकांनी काहीच कमी केलं नाही, पण बाबांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता अडचण सांगते. कंत्राटदार आमच्याच वाड्यावरचा, बाबांच्या शाळासोबत्याचा मुलगा. माणूस वाईट नाही. रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन-चार फोटो न चुकता पाठवतो आणि मी ते भावाला पाठवते. फोटोंत घर वाढताना दिसतं : जोतं, मग चिऱ्यांच्या भिंती, मग लिंटल. चार महिने मला वाटत होतं की माझं कामावर लक्ष आहे. पण सगळे फोटो रस्त्यावरून, पुढच्या अंगाने काढलेले. भिंत किती चढली ते त्यात कळतं, तिच्या पोटात काय गेलं ते कळत नाही. आणि रविवारी मी पोचते तेव्हा काम बंद असतं. गवंडी नाहीत, कामगार नाहीत, जे झाकायचं ते झाकून झालेलं.

माझ्या नोकरीत प्रत्येक टप्प्यावर करणाऱ्याची एक सही असते आणि समोर उभं राहून बघणाऱ्याची दुसरी. दोन्ही झाल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही. माझ्याच घराच्या कामात ती दुसरी सही कोणाचीच नाही, हे मला एप्रिलमध्ये कळलं.

कळलं ते असं. गेल्या आठवड्यात स्लॅबची सळई बांधायला सुरुवात झाली. आईने हट्टाने बाबांना शिडीवर चढवून एक फोटो काढायला लावला, कारण तिला माटोळीसाठी (गणपतीच्या वर टांगतात त्या फळांच्या चौकटीसाठी) स्लॅबात सोडायच्या कड्या कुठे येणार ते बघायचं होतं. जुन्या घरात माटोळी वाशांना बांधायचो. नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, केळी, तोरिंजन, रानातली फळं असं सगळं टांगलं की चांगलं वजन होतं. नकाशावर कड्या दाखवल्या आहेत, फोटोत एकही नव्हती. मी फोटो मोठा करून बघताना आणखी एक गोष्ट दिसली. सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून उचलून धरणारे काँक्रीटचे ठोकळे) नव्हते, चिऱ्याचे फुटके तुकडे सरकवलेले होते. चिरा पाणी पितो हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. तोच तुकडा सळईला चिकटून स्लॅबात कायमचा राहणार आणि ओल थेट लोखंडापर्यंत नेणार. स्लॅबाला निदान २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवर काँक्रीटचा थर, हवं असं वाचलंय, आणि ते खाऱ्या हवेपासून लांबच्या, कोरड्या जागेसाठी. तेरेखोलच्या काठाजवळ २० पुरेल का? आमच्या नकाशावर फक्त ‘कव्हर नियमाप्रमाणे’ एवढंच लिहिलंय.

कंत्राटदाराला फोन केला तर म्हणाला, “बाय, तूं खंत करूं नाका. सगळीं घरां अशींच बांदतात.”

दुसरी काळजी पाण्याची. आमची विहीर खाजणापासून (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीपासून) फार लांब नाही. पावसाळ्यात पाणी गोड असतं, एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं, आई त्यात डाळ शिजवत नाही. कंत्राटदार तेच पाणी काँक्रीटला वापरणार होता. मी नमुना प्रयोगशाळेत दिला, क्लोराइड लिटरला ८६० मिलिग्रॅम आलं. भारतीय मानक ४५६ मध्ये सळईच्या काँक्रीटसाठी ५०० ची मर्यादा आहे. “तुझ्या आज्याने याच विहिरीच्या पाण्याने घर बांधलं, ते ऐंशी वर्षं टिकलं,” असं तो म्हणतो, आणि बाबांना ते पटतं. पण आजोबांच्या घरात माती होती, चिरा होता, लाकूड होतं. गंजायला लोखंड होतं कुठे? हे मी बाबांना नीट समजावू शकले नाही. कोणाला सोप्या शब्दांत सांगता येत असेल तर कृपया लिहा, मी त्यांना वाचून दाखवीन.

सिमेंटचा हिशेब तपासून द्याल का? स्लॅब ९० चौरस मीटर, जाडी १२५ मिलिमीटर, म्हणजे सव्वाअकरा घनमीटर. १ : १॥ : ३ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला घनमीटरमागे साधारण ८ पोती धरली तर नुसत्या स्लॅबाला ९० पोती होतात, तुळया वेगळ्या. त्याने सगळं मिळून ७५ पोती मागवली आहेत. माझं कुठे चुकतंय का?

टेकूंबद्दलही विचारायचं आहे. हॉलचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ४.८ मीटर आहे. साडेचार मीटरवरच्या स्लॅबाचे टेकू १४ दिवस काढू नयेत असं त्याच मानकात आहे, म्हणजे २८ मेपर्यंत. त्याला ते आठव्या दिवशी दुसऱ्या साइटवर न्यायचे आहेत, पावसाआधी तिथलाही स्लॅब उरकायचा आहे म्हणून. त्याची अडचण मला समजते. पण त्या छपराखाली माझे आईबाप झोपणार आहेत.

आणि वाळवी. जोतं भरताना औषध मारलं असं तो म्हणतो. फोटो नाही, रिकामा डबा नाही, बाबा त्या दिवशी म्हापशाला बाजाराला गेले होते. फरशी बसायच्या आधी भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडता येतं असं ऐकलंय. कोणी करून घेतलंय का? जुन्या घराचे वासे वाळवीनेच खाल्ले होते.

सगळ्यांत अवघड प्रश्न शेवटी. स्लॅबाचा हप्ता तो आधीच मागतोय. भाऊ म्हणतो, काम बघितल्याशिवाय एक पैसा देऊ नको. बाबा म्हणतात, वाड्यावर रोज तोंड दाखवायचं आहे, शिगम्याला एकत्र नाचायचं आहे, पोराचा अपमान करू नको. दोघांचंही खरं आहे. बाबांना मध्ये न घालता आणि त्या माणसाला चोर न ठरवता काम तपासून घ्यायची पद्धत कोणती? तुम्ही कशी बसवलीत?

३ मे, रविवार. थोडी भर :

इतक्या आपुलकीने उत्तरं दिलीत, मनापासून आभार. जे झालं ते लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

ज्यांनी सुचवलं की नकाशावर सही करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच बोलवा, त्यांचं ऐकलं. मला वाटत होतं त्यांचं काम परवान्यापुरतं, पंचायतीत कागद गेले की संपलं. फोन केल्यावर म्हणाले, मला कोणी बोलावलंच नाही. शुक्रवारी आले. मी अर्धी रजा टाकली. त्यांनी कोणाला दोष दिला नाही, टेप काढली आणि मोजत गेले. खाऱ्या हवेसाठी कव्हर २० नाही, ३० घ्यायला सांगितलं, चिऱ्याचे सगळे तुकडे काढायला लावले. दोन ठिकाणी वरची सळई पायाने दबली होती, ती खाली खुर्च्या (वाकवलेल्या सळईचे आधार) घालून उचलायला सांगितली. कंत्राटदाराने त्यांच्यासमोर एका शब्दाने वाद घातला नाही. तेच मी सांगितलं असतं तर वाड्यावर चर्चा झाली असती.

सिमेंटचा माझा हिशेब बरोबर निघाला. तुळया धरून ११५ पोती लागतील. पाण्याचा टँकर सांगितलाय, त्याचे पैसे आम्ही देणार. टेकू २८ मेपर्यंत राहतील, तुळयांखालचे ४ जूनपर्यंत. त्याबदल्यात त्याला दुसऱ्या साइटसाठी भाड्याने टेकू आणायला आम्ही अर्धा खर्च देतोय. भाऊ नाराज आहे, पण मला हे योग्य वाटलं.

हप्त्याचं असं ठरलं : निम्मा इंजिनिअरने सळई पास केल्यावर, उरलेला टेकू निघाल्यावर. बाबांसाठी एक वही केली आहे. रोज तारीख, किती माणसं, किती पोती फुटली, आज काय झाकलं. ‘झाकलं’ हा रकाना बाबांनीच सुचवला. खाली दोन सह्या, त्यांची आणि कंत्राटदाराची. पहिल्या दिवशी तो थबकला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच वही मागून घेतली आणि टँकर उशिरा आल्याची नोंद करायला लावली.

आता राहिलेले प्रश्न. स्लॅबाच्या दिवशी क्यूब (त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे) भरून ठेवायचे आहेत, ७ आणि २८ दिवसांनी तपासायला. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात घरगुती कामाचे क्यूब घेतात का? पेडण्याहून तिथवर नेताना ओले कसे ठेवायचे? आणि माटोळीच्या कड्या : इंजिनिअर १२ मिलिमीटरच्या सळईच्या वाकवून घ्या म्हणाले, पण बाहेर राहणारा भाग आमच्या हवेत पाचसहा वर्षांत गंजेल अशी भीती वाटते. स्टेनलेस स्टीलच्या कोणी घातल्या आहेत का, आणि म्हापशात कुठे मिळतील? आईने आज सेंट्रिंगखाली उभं राहून सुतळीने मापं घेतली आहेत. चार कड्या, मध्ये पाटाची जागा सोडून. ११ तारखेपर्यंत कळलं तर बांधून घेता येतील.