मदत हवी आहे: स्प्रिंग एअर रायफलवरचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) मागे सरकतो

रायफल ४.५ मिमीची, ब्रेक बॅरल (नळी मोडून भरायची). वर माउंट पकडायला ११ मिमीची डव्हटेल (तिरप्या कडांची) खाच आहे, पण स्टॉप पिनसाठी, म्हणजे माउंट सरकू न देणाऱ्या खिळीसाठी, भोक नाही. स्कोप धरायला दुसऱ्या बनावटीचे दोन सुटे माउंट (रिंग असलेल्या पकडी) लावलेत. ३०-४० छर्ऱ्यांत मागचा माउंट २ मिमी मागे येतो. स्क्रू आणखी आवळले तर रिंग स्कोपच्या नळीला दाबते, म्हणून तो उपाय नको. खाचेतलं तेल पुसून झालंय.

स्प्रिंगचा झटका आधी मागे, मग पिस्टन थांबताना पुढे बसतो. नुसत्या काडतुसाच्या बंदुकीसाठी बनलेला स्कोप त्यात बऱ्याचदा टिकत नाही. हा एअर रायफलचाच आहे.

दुसरी अडचण रायफलची नळी (बॅरल) खाली झुकल्याची. १० मीटरवर मार ८ सेंमी खाली. रिंगांत १०० मिमी अंतर, म्हणजे मागे ०.८ मिमी उचल हवी. एवढी पट्टी घातली तर स्कोप वाकणार. टरेट (स्कोपवरचा नेम वर-खाली करायचा खुंटा) वरच्या टोकापर्यंत फिरवला की आतली स्प्रिंग सैल पडते, मार भरकटतो.

भोक पाडणार नाही, खाली कॉम्प्रेशन ट्यूब (पिस्टन हवा दाबतो ती नळी) आहे. मग उतार भरून काढणारा एकसंध माउंट घ्यावा, की मागे वेगळा स्टॉप ब्लॉक पुरेल? पिनशिवाय एकसंध माउंट कोणाकडे टिकलाय?