कित्सुनेच्या गोष्टीतली आई हरवली आहे का?

रानवाट:
ॲनिमे आणि गेममध्ये कित्सुने, म्हणजे जपानी मायावी कोल्हा, हल्ली नुसती ताकद म्हणून उरला आहे. जितक्या शेपट्या, तितकं बळ. मला मात्र जपानी लोककथेतली कोल्हीण कुझुनोहा आठवते. आबे नो यासुना नावाचा माणूस शिकाऱ्यांच्या तावडीतून या पांढऱ्या कोल्हिणीला सोडवतो. ती बाईच्या रूपात येऊन त्याच्याशी संसार मांडते, मुलगाही होतो. एक दिवस पोराला तिची शेपटी दिसते आणि तिला जावं लागतं. जाताना ती कविता लिहून ठेवते: आठवण आली तर इझुमीतल्या शिनोदाच्या रानात या. काबुकीत, म्हणजे जपानी पारंपरिक नाटकात, नट बाळाला दोन्ही हातांनी धरून, तोंडात कुंचला घेऊन ती कविता लिहितो. हे दुःख आजच्या कथांमध्ये कुठे आहे?

शाईदौत:
अजिबात पटलं नाही. गोष्टी बदलतच आल्या आहेत. जपानच्या सम्राट तोबाला भुलवणारी मायावी कोल्हीण तामामो नो माए जुन्या कथांमध्ये दोन शेपट्यांची होती. नऊ नंतर आल्या, चिनी कथांच्या प्रभावाने. पुढे तिचा पूर्वावतार भारतातही नेऊन ठेवला: राजपुत्र हान्झोकुची राणी. हा हान्झोकु म्हणजे आपल्या पुराणकथांतला राजा कल्माषपाद! मग तेव्हाच्या लेखकांनाही दोष देणार का? आणि 'नारुतो' ही ॲनिमे मालिका नीट बघा. नायक नारुतोच्या पोटात नऊ शेपट्यांचा कोल्हा कोंडलेला, म्हणून अख्खं गाव त्या अनाथ पोराला दूर ठेवतं. कुझुनोहाच्या मुलाइतकाच तोही पोरका आहे.

माजघर:
तुम्ही दोघंही गोष्टीच्या सौंदर्यात अडकलात. जपानमध्ये कोल्हा अंगात येतो असं मानत. इझुमो भागात काही घराण्यांवर 'कित्सुने-मोची', म्हणजे कोल्हे पाळणारे, असा शिक्का होता. त्यांच्या घरी सोयरीक करत नसत, अगदी विसाव्या शतकापर्यंत. आपल्याकडे सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून छळतात, ते आठवा. जपानी बौद्ध परंपरेतली देवी दाकिनी-तेन पांढऱ्या कोल्ह्यावर बसते, आणि ती मूळ आपल्याकडचीच डाकिनी. भोगणाऱ्या घरांची कथा कोण सांगणार?

रानवाट:
माजघर, हे माझ्या लिहिण्यातून सुटलंच होतं. आता कुझुनोहाही वेगळी दिसते: शेपटी दिसली एवढ्यावरून घर सोडावं लागलेली बाई. शाईदौत, नारुतोचं एकटेपण मान्य. पण त्याच्यातल्या कोल्ह्याला सुरुवातीला राग सोडून काहीच दिलेलं नाही. कुझुनोहाला मूल सोडवत नव्हतं. माझी तक्रार तेवढीच आहे आणि ती कायम आहे.